येळवशीनंतरचं पत्र

पुणे

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

वेळा अमावस्येला शेतात येळवस करून आले त्याला आठ दिवस झाले, पण कोपीतलं ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा, आंबिलीचा पेला दोन्ही हातांनी धरूनही सदऱ्यावर सांडला, आणि औश्याच्या पाहुण्यांना दिसू नये म्हणून तुम्ही पाठ फिरवून बसलात. पस्तीस वर्षं तुमचं फळ्यावरचं अक्षर बघून पोरं गिरवायला शिकली. त्याच हाताची सही बँकेनं ‘जुळत नाही’ म्हणून परत केली, हे आईनं मला हळूच सांगितलं. अक्षर बारीक होत जाणं हे पार्किन्सनचंच लक्षण आहे बाबा, त्यात लाजायचं काही नाही.

‘तू तिकडं नेमकं करतीस काय?’ असं तुम्ही विचारलंत, तेव्हा नीट सांगता आलं नाही.

मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन असतं. अमिनो आम्लं नावाच्या १४० मण्यांची सैल माळ म्हणा. पार्किन्सनमध्ये ती दुमडून चपटी होते, तिच्यावर दुसरी बसते, दुसरीवर तिसरी. कडब्याच्या पेंढ्या रचून गंज लावावी तशी. वाईट हे, की सुटी माळ गंजीच्या टोकाला चिकटली की तिलाही तोच वाकडा आकार येतो. या गंजींच्या मेंदूतल्या गाठी लेवी नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये पाहिल्या होत्या. त्या या प्रथिनाच्या आहेत हे कळायला १९९७ उजाडलं.

आम्ही संगणकावर निसर्गात नसलेलं प्रथिन आखतो. ते गंजीच्या टोकावर घट्ट बसावं आणि पुढची पेंढी टेकूच नये. संगणकावर नवी प्रथिनं घडवण्याच्या या विद्येसाठी डेव्हिड बेकर या शास्त्रज्ञांना २०२४ चं नोबेल मिळालं. आराखडे ढीगभर निघतात, प्रत्यक्षात चालतात मोजके. तपासताना आम्ही एक पिवळा रंग घालतो. गाठी धरल्या की तो चमकतो आणि पडद्यावरची रेषा चढते. ३७ अंशांवर बारीक खळग्यांची प्लेट दिवसेंदिवस हलत असते. परवा दोन खळग्यांतली रेषा चार दिवस आडवीच राहिली. रात्री अकरापर्यंत मी तिच्याकडं बघत बसले होते.

आई, लगेच नारळ बोलू नकोस. हे काचेतलं आहे. एवढं मोठं प्रथिन रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही, शिरलं तरी पुढं पेशीच्या आत जायचं असतं. बाबांना खोटी आशा मी दाखवणार नाही.

आज कामाची आहे ती गोळी. ‘जेवल्यावर घेतो’ हे तेवढं बंद कर. वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि गोळीतलं लेव्होडोपा हे औषध आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, मेंदूच्या वेशीवरही तेच; गर्दीत गोळी मागं राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. मळमळलं तर भाकरीचा कोरका द्यावा. वरण मात्र तोडू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही सोडू नका.

बाबा, सोबत दुरेघी वही पाठवली आहे. दोन रेघांमध्ये लिहिलं की अक्षर मोठं राहायला मदत होते. रोज एक पान लिहा. पहिल्या पानावर या पत्राचं उत्तर लिहा, आणि खाली सही करा.

तुमची,
सुमी