टायमिंग बेल्टच्या टेन्शनरबद्दल तक्रार : बिल नव्याचं, गाडीत जुनाच

दिनांक : 12 मे 2025

प्रति,
व्यवस्थापक,
सर्व्हिस व वर्कशॉप विभाग

विषय : पोर्श 944 (1988) या गाडीचा टायमिंग बेल्टचा टेन्शनर न बदलताच बदलल्याचं बिल लावल्याबाबत आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : तुमचं 21 मार्चचं इनव्हॉइस व 16 एप्रिलचा ई-मेल.

महोदय,

स.न.वि.वि.

आपलं फोनवरचं बोलणं पहिल्यापासून मराठीतच झालं, म्हणून पत्रही मराठीतच लिहितोय. इंग्रजी प्रत सोबत आहे. प्रकरण पुढे गेलंच तर ज्यांना ते वाचायचंय त्यांना मराठी येणार नाही, एवढ्यासाठी.

आधी ठरलं काय होतं, ते. फेब्रुवारीत मी जो ई-मेल पाठवला त्यात स्पष्ट लिहिलं होतं की टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या फिरत्या दांड्यांचा) बेल्ट तर बदलायचाच आहे, पण गाडी तुमच्याकडे आणण्याचं मुख्य कारण टेन्शनर, म्हणजे आर्म आणि रोलरनं बेल्ट ताणून धरणारा भाग, आहे. 2020 च्या उन्हाळ्यात आधीच्या मेकॅनिकनं बेल्ट बदलले तेव्हा तो म्हणाला होता, "या खेपेला हा टेन्शनर चालून जाईल, पुढच्या वेळी मात्र काढून टाका." आपलं म्हणणं विसरलं जाऊ नये म्हणून त्यानं टेन्शनरच्या आर्मवर पांढऱ्या मार्करनं "7/20" असं लिहूनही ठेवलं. त्याचा फोटो त्या ई-मेलला जोडला होता. तुमचं उत्तर आलं : "दोन्ही बेल्ट, टेन्शनर, सगळे रोलर आणि वॉटर पंप नवीन बसवू." त्याप्रमाणे व्हॅटसकट 1,248 पौंडांचं बिल झालं, मी क्रेडिट कार्डानं भरलं. त्यात "टेन्शनर असेंब्ली व रोलर, नवीन" या ओळीचे 236 पौंड आहेत.

गाडी घेऊन घरी आलो तेव्हाच पुढून एक बारीक घरघर ऐकू येत होती. थंड इंजिन सुरू केलं की जास्त, गरम झाल्यावर थोडी कमी, अॅक्सिलरेटर दिला की त्याच्याबरोबर वर चढणारी. नवीन बेल्ट थोडा ताणलेला असला की गुणगुणतो हे मला माहीत आहे, म्हणून काही दिवस थांबलो. आवाज गुणगुणण्याचा नव्हता, कोरड्या बेअरिंगचा होता. फोन केला तर तुमच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी ऐकवलं, "अहो, सदतीस वर्षांची गाडी आहे, आवाज करणारच." सदतीस वर्षांची आहे हे मान्य. पण तुमच्याकडे सोडायला आणली तेव्हाही ती जवळजवळ तितकीच जुनी होती, आणि तेव्हा हा आवाज नव्हता.

या गाडीत बेअरिंगच्या आवाजाकडे काणाडोळा का करता येत नाही, हे तुमच्या काउंटरवर कोणाला तरी माहीत असायला हवं. 944 चं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. एकाच टायमिंग बेल्टवर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही चालतो आणि वॉटर पंपही. बेल्ट तुटला किंवा दात सोडून घसरला की कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन वरखाली करणारा क्रँक मात्र फिरत राहतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन यांना एकमेकांना चुकवायला जागाच नाही. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बाकीच्या कितीतरी गाड्यांत बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते, इथे तेवढ्यावर भागत नाही. म्हणूनच जाणकार लोक गाडी किती मैल पळाली ते न बघता साधारण चार वर्षांनी बेल्ट बदलतात आणि बेल्टबरोबर रोलरही बदलतात. नवा बेल्ट जुन्या बेअरिंगवर चढवायचा असेल तर मग बेल्ट तरी कशाला बदलायचा?

त्याच आठवड्यात मला एम वन मोटरवेवरून लीड्सला जायचं होतं. ते रद्द केलं आणि गाडी न चालवता रिकव्हरी ट्रकवर घालून दुसऱ्या एका पोर्श स्पेशालिस्टकडे पाठवली. त्यांनी पुढची कव्हरं माझ्यासमोर उघडली. त्यांचा लेखी अहवाल आणि फोटो सोबत आहेत, पण काय दिसलं ते माझ्या शब्दांतही सांगतो, कारण मी तिथे उभा होतो.

बेल्ट दोन्ही नवीन आहेत, वॉटर पंपही नवीन आहे. बॅलन्स शाफ्टच्या खुणाही बरोबर जुळवल्या आहेत, आणि एवढ्या मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनात ते किचकट काम आहे, त्याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. त्या शाफ्टची योजना पोर्शनं मित्सुबिशीकडून लायसन घेऊन वापरली. एखादा शाफ्ट एका दातानं चुकला तरी स्टिअरिंगमधून थरथर जाणवते, आणि माझ्या गाडीत ती नव्हती.

मग टेन्शनर पाहिला. आर्मवर पांढऱ्या मार्करनं लिहिलेलं "7/20" तसंच, वाचता येईल असं. फेब्रुवारीत मी तुम्हाला पाठवलेला फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. सातच्या शेपटीवर मार्कर जिथे घसरलाय तिथपर्यंत अक्षर तेच आहे. स्प्रिंग गंजलेली. रोलर काढून हातात दिला. चांगल्या सीलबंद बेअरिंगचा रोलर बोटानं फिरवला की आतल्या ग्रीसमुळे जरासा जड लागतो आणि लगेच थांबतो. हा टिचकी मारली तर बराच वेळ भिरभिरत राहिला, आणि फिरताना आत खडखड. दोन बोटांत धरून हलवला तर सरळ डुगडुगतो. बेअरिंगभोवती तपकिरी धुळीची कडी जमलेली, म्हणजे ग्रीस केव्हाच बाहेर पडून वाळून गेलेलं. रोलर वाकडा चालत असल्यामुळे तुम्ही बसवलेला नवाकोरा बेल्ट एका बाजूला सरकून कडेला घासत होता. त्या कडेचे धागे सुटायला लागले होते, आणि कव्हरच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखी रबराची काळी भुकटी पडली होती. इनव्हॉइसवरच्या रीडिंगनंतर गाडी जेमतेम तीनएकशे मैल चालली आहे.

गाडी ताब्यात घेताना मी जुने भाग मागितले होते, आठवत असेल. मला जुने बेल्ट मिळाले, जुना पंप मिळाला. टेन्शनरचं विचारल्यावर "तो भंगारात गेला" म्हणालात आणि पुरावा म्हणून नव्या टेन्शनरचं रिकामं खोकं दाखवलंत. त्या खोक्यातला माल कुठे गेला ते मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत गेला असेल, शेल्फवर असेल, किंवा एखाद्या नवशिक्या फिटरनं तो बसवायचा कंटाळा केला असेल. तो शोध तुम्ही घ्या. माझ्या गाडीत तो नाही एवढं नक्की.

हे सगळं 14 एप्रिलला मी तुम्हाला लिहून कळवलं आणि काम पुन्हा करून देणार का, असं विचारलं. त्यावर तुमचा 16 तारखेचा ई-मेल आला. खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा त्या ई-मेलचा जास्त राग आला. तुम्ही लिहिलंत : "या मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक टेन्शनर असतो. तो बेल्टचा ताण आपोआप सांभाळतो, त्यामुळे आवाजाचा टेन्शनरशी संबंध नाही. पुन्हा तपासणीची गरज नाही."

हे चूक आहे, आणि या गाडीवर काम करणाऱ्यानं ही चूक करू नये. 1986 पर्यंतच्या 944 मध्ये ताण हातानं द्यावा लागायचा. रोलर एक्सेंट्रिकवर (मध्यापासून सरकवलेल्या आसावर) फिरवून, ताण मोजून मग बोल्ट आवळायचा. 1987 च्या मॉडेलपासून स्प्रिंगचा टेन्शनर आला आणि लोक त्याला ऑटोमॅटिक म्हणू लागले. पण स्प्रिंगचं काम नट ढिले असेपर्यंतच. नट सैल करायचे, स्प्रिंग आर्म ओढून बेल्टला ताण देते, मग नट आवळून आर्म जागच्या जागी पक्का करायचा. नट आवळले की स्प्रिंग असून नसल्यासारखीच. पुढे नवा बेल्ट बसत जाऊन थोडा सैल झाला तरी आर्म आपणहून हलत नाही. म्हणूनच पहिल्या दीड-दोन हजार मैलांनंतर नट सोडून पुन्हा ताण द्यायचा असतो. तुमच्या इनव्हॉइसवर याचा उल्लेखच नाही. तिथे पुढची तपासणी एकदम 2029 साली लिहिली आहे. आणि माझ्या गाडीत तर आर्म खुंटीवर गंजून जवळजवळ अडकलेला होता, म्हणजे नट सोडल्यावरही स्प्रिंग तो पुरेसा ओढू शकत नव्हती. तुमच्या फिटरनं नट सोडून आर्म हातानं एकदा हलवून पाहिला असता तरी हे त्याच्या लक्षात आलं असतं.

ताण कशानं मोजला, हेही मी विचारलं होतं. पोर्शचं यासाठी 9201 नंबरचं गेज आहे. उत्तरात तुम्ही अंगठ्यानं दाबून, बेल्टला पीळ देऊन बघतो, असं लिहिलंत, वर तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिलात. अंगठ्याला मी हसत नाही. मुरलेल्या मिस्त्रीच्या हाताला गेजच्या जवळपासचं कळतं, असे लोक मी पुण्यातही पाहिलेत आणि इथेही. पण ज्या हाताला एवढा डुगडुगणारा रोलर जाणवला नाही, त्या हातानं ठरवलेल्या ताणावर मी कसा विश्वास ठेवू?

आता मागणी. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे सेवा वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं द्यावी लागते (कलम 49), आणि तुम्ही ग्राहकाला जे सांगता आणि ज्यावर विसंबून तो निर्णय घेतो, ते कराराचा भाग धरलं जातं (कलम 50). "सगळे रोलर नवीन बसवू" हे तुमचंच लेखी वाक्य आहे. काम पुन्हा करून देण्याची संधी कलम 55 प्रमाणे तुम्हाला द्यायला हवी, हे मला माहीत आहे. ती 14 एप्रिलला दिली होती. "गरज नाही" असं उत्तर देऊन तुम्ही ती नाकारलीत. त्यानंतर गाडी पुन्हा तुमच्याकडे सोपवण्याची माझी तयारी नाही.

मला परत हवेत ते असे : न बसवलेल्या टेन्शनर आणि रोलरचे 236 पौंड, दुसऱ्या गॅरेजनं इंजिनाचा पुढचा भाग पुन्हा उघडून जोडण्याच्या मजुरीचे 520, रिकव्हरी ट्रकचे 140 आणि कड घासून निकामी झालेल्या टायमिंग बेल्टच्या जागी नवीन बेल्टचे 34. एकूण 930 पौंड. आता बसवलेल्या नव्या टेन्शनरची किंमत मी मागत नाही, ती मला एकदा भरायचीच होती. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट आणि वॉटर पंप यांचंही काही मागत नाही. रद्द झालेल्या प्रवासाचा आणि डोकेदुखीचा हिशेब मी लावलेला नाही, आणि तुम्हीही "सदिच्छा म्हणून पुढच्या सर्व्हिसला सवलत" वगैरे देऊ नका. ती वापरायला मी येणार नाही.

शिवाय दुरुस्त केलेलं इनव्हॉइस हवं, ज्यात टेन्शनर बदलला नव्हता असं स्पष्ट लिहिलेलं असेल. जुन्या गाडीची किंमत तिच्या फाइलवर ठरते. उद्या मी ती विकली आणि घेणाऱ्यानं तुमच्या कागदावर विसंबून तपासणी पुढे ढकलली, तर त्या खोट्या ओळीचं ओझं माझ्यावर नको.

या पत्राच्या तारखेपासून 14 दिवसांत, म्हणजे 26 मेपर्यंत, रक्कम मूळ कार्डावर जमा करावी. तसं न झाल्यास 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम 75 खाली बँकेकडे दावा करेन. 100 पौंडांच्या वरच्या आणि 30,000 पर्यंतच्या व्यवहारात करारभंगाला कार्ड देणारी बँकही तुमच्याइतकीच जबाबदार असते, आणि त्यांच्या विभागाला फोटो फार आवडतात. तिथूनही निकाल लागला नाही तर काउंटी कोर्टाच्या स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या विभागात) जाईन. ही रक्कम तिथल्या मर्यादेत आरामात बसते.

काढलेला टेन्शनर आणि घासलेला बेल्ट माझ्याकडे नावनिशी लावून ठेवले आहेत. तुमच्या फिटरला किंवा विमा कंपनीच्या माणसाला ते पाहायचे असतील तर शनिवारी सकाळी घरी या, अवश्य दाखवतो. मात्र या वेळी भाग माझ्याकडेच राहतील.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव व पत्ता इनव्हॉइसवर आहे तोच)

सोबत : इनव्हॉइसची प्रत, फेब्रुवारी ते एप्रिलचे ई-मेल, टेन्शनरचे आधीचे व आत्ताचे फोटो, दुसऱ्या गॅरेजचा अहवाल व बिल, रिकव्हरीची पावती, या पत्राची इंग्रजी प्रत.