हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासले जावे

संपादक महोदय,

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, ते हिमोग्लोबिन मोजून. परंतु लोहाचा साठा फेरिटिन या प्रथिनात असतो आणि तो आटत गेला तरी हिमोग्लोबिन बराच काळ टिकून राहते, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

पेशीत मोकळे लोह फार झाले तर ते घातक ठरते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची प्रक्रिया होऊन निर्माण होणारे हायड्रॉक्सिल मूलक डीएनए आणि पेशीपटल यांना इजा करतात. म्हणून २४ उपघटकांचा, आतून पोकळ असलेला फेरिटिनचा गोल सुमारे ४,५०० अणूंपर्यंत लोह निर्धोक स्वरूपात सामावून घेतो. लोह कमी पडले की पेशीतील नियामक प्रथिने फेरिटिनच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याची सूचना वाहून नेणाऱ्या रेणूला) चिकटून त्याची निर्मिती रोखतात, आणि तीच प्रथिने ट्रान्सफेरिन-ग्राहीच्या (रक्तातील लोह पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या) आरएनएला चिकटून तो नष्ट होऊ देत नाहीत. परिणामी साठवण थांबते आणि बाहेरून लोह आत घेणे वाढते. इतकी वर्षे हा विषय शिकवूनही या रचनेचे मला नवल वाटते.

रक्तातील फेरिटिनचा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. जंतुसंसर्ग किंवा दाह असताना तो वाढतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने लोहाच्या कमतरतेसाठी निरोगी प्रौढांकरिता लिटरला १५ मायक्रोग्रॅमखालील, तर संसर्ग वा दाह असलेल्यांकरिता ७० खालील मर्यादा सुचवली आहे. सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणी केली तर घोटाळा टळतो. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असलेल्यांची गोष्ट वेगळी: त्यांचे हिमोग्लोबिन कमी दिसते, पण लोह पुरेसे असू शकते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्याने अशा व्यक्तीला तपासणीविना वर्षानुवर्षे गोळ्या देणे योग्य नाही.

याचा अर्थ गरोदर स्त्रियांनी मिळणाऱ्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. त्या घ्यायलाच हव्यात. मात्र गोळ्या नियमित घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही ज्यांना सतत थकवा जाणवतो, अशा स्त्रियांसाठी फेरिटिन व सीआरपी या तपासण्या तालुका पातळीवरील ग्रामीण रुग्णालयांत विनामूल्य मिळाव्यात, अशी माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

— जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, सातारा