गुरुवारच्या आधी

दारव्हा, सोमवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. "बाबा, यानं चष्मा जाईल ना?" एवढंच तू विचारलंस आणि मी ओपीडीत ओरडतो तसा ओरडलो. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून लिहितो.

चष्मा जाणार नाही, बेटा. बुबुळाचा फुगवटा आहे तिथं थांबावा, यासाठी क्रॉसलिंकिंग, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करायचं. उजव्या डोळ्याचा केमॅक्स, म्हणजे बुबुळाच्या सगळ्यात बाकदार जागेचा आकडा, आठ महिन्यांत 51.2 वरून 52.9 वर गेला. तुझ्या वयात तो भराभर चढतो, म्हणून थांबायचं नाही. नजरेसाठी पुढे कडक लेन्स आहे. चष्मा घालवायच्या लेझरचं, लेसिकचं, नाव काढू नको, आधीच पातळ झालेलं बुबुळ आणखी तासतील.

गुरुवारी सुन्न करणारे थेंब टाकतील, इंजेक्शन नाही. मग बुबुळावरची साल, एपिथेलियम, 8-9 मिलिमीटर गोलाईत खरवडतील. ती राहिली तर रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) नीट आत मुरत नाही. त्याचे पिवळे थेंब अर्धा तास, दर दोन-तीन मिनिटांनी. किरण सोडण्याआधी जाडी पुन्हा मोजतील. तुझी 468 मायक्रॉन आहे, साल गेल्यावर 415 च्या आसपास उरावी. 400 हवीच. त्याखाली किरण आतल्या थराला इजा करू शकतात आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कमी भरली तर बुबुळ फुगवणारे पातळ थेंब टाकतात, वेळ जातो एवढंच. मग 3 मिलिवॅटचा उजेड 30 मिनिटं, नाहीतर 9 चा 10 मिनिटं. बेरीज एकच, 5.4 ज्यूल. कोणतं करणार ते विचारून घे.

पहिले दोन-तीन दिवस चुरचुरेल, पाणी गळेल. गोळी घे. सुन्न करणारे थेंब मात्र मेडिकलमधून आणू नको, साल भरायची थांबते. साल भरेपर्यंत डोळ्यावर ठेवलेली बँडेज लेन्स चार-पाच दिवसांनी डॉक्टरच काढतील. निसटली तर परत घालू नको, फोन कर. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नको. महिनाभर धूसर दिसेल, त्याला घाबरायचं नाही. पण दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं किंवा पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना. स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनानं बंद करू नको, लांबवूही नको.

आणि डोळा चोळू नको, त्यानं फुगवटा वाढतो.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगावर निजायचास, उठलास की दोन्ही मुठी डोळ्यांत. तुझी आई म्हणायची, नीज आहे त्याची. मी गावभराचे डोळे तपासत होतो, घरातले तेवढे राहिले.

झालं, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तू एकटा नागपूरला जाऊन तपासून आलास, रिपोर्ट वाचून मला आकडे सांगितलेस, तेव्हा आजीला मीच सांगत होतो, पोरगं मोठं झालं म्हणून.

तूर काढायला येऊ नको. वावरातली धूळ तुला सोसणार नाही. खाज सुटली तर अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून घे आणि बंद पापणीवर थंड घडी ठेव. हात नाही.

बुधवारी रात्रीपर्यंत पोचतो.

तुझा,
बाबा

ता.क. प्लास्टिकची डोळाझाकणी दोन घेतल्या आहेत, चिकटपट्टीसकट. तू पालथा झोपतोस, म्हणून रात्री मीच लावून देईन.