आबा, तुमच्या वहीतलं माझं नाव

आदरणीय आबांना,
साष्टांग नमस्कार.

गुडघे साथ देत नाहीत म्हणून यंदापासून ऊसतोडीच्या तळांवर फिरणं थांबवणार, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. हे पत्र घरी पाठवलं असतं तर तुम्ही घडी करून खिशात ठेवलं असतं आणि कुणाला दाखवलं नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०११ चा जानेवारी. आम्ही बीडहून कोल्हापूरला तोडीला आलो होतो. आई-बाबांचा एक कोयता, म्हणजे तोडीला नवरा-बायकोची एक जोडी. पहाटे चारला ती दोघं फडात जायची आणि दीड वर्षाचा धाकटा माझ्या कडेवर. मी नऊ वर्षांची, गावाकडं तिसरीत नाव होतं. तुम्ही सायकल आमच्या झोपडीला, कोपीला टेकवलीत आणि विचारलंत, "कितवीत हाईस गं?" मी "तिसरीत" म्हटलं. "मग हितं काय करतीस?" मला काही सांगता आलं नाही. तुम्ही पिशवीतून लांबट वही काढलीत, माझं नाव, गाव, इयत्ता लिहून घेतलीत आणि ते मलाच वाचून दाखवायला लावलंत. गावाकडच्या हजेरीनंतर माझं नाव लिहिलेलं मी तिथंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही. मार्चमध्ये निघून जाणार, पटावर कशाला चढवू?" आई उंबऱ्यापासूनच मागं वळली होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली शिक्षण हक्क कायद्याची प्रत काढलीत. कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, तरी तुमची प्रत कोपऱ्यांवर मऊ पडली होती. लाल पेन्सिलीनं खुणा केलेली कलमं तुम्ही सावकाश वाचलीत. कलम ५, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. मग ती प्रत आईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ताई, मी नसलो तर हे दाखवा. विनंती करायची न्हाई, दाखवायचं."

आबा, आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण लाल खुणेचं ते पान तिनं पुढची चार वर्षं कापडाच्या पिशवीत जपलं, आणि दोनदा ते दाखवून दुसऱ्या तळावरच्या पोरींना शाळेत बसवलं. माझ्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं काम हे. तुम्ही सरपंच होतात, जिल्हा परिषदेवर निवडून आलात, शिक्षण समितीवर बसलात. लोक त्याबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं. पण आमच्या तळावर आलात तेव्हा तुम्ही निवडणूक हरलेले होतात. हातात पद नव्हतं, गाडी नव्हती. वही होती.

धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न उरलाच होता. तुमच्याकडं त्याचं तयार उत्तर नव्हतं. तुम्ही बायकांमध्ये बसलात आणि त्यांनाच विचारलंत. सहा कोप्यांनी मिळून एका म्हातारीला लेकरं सांभाळायला ठेवलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेल्या पैशांतून तिला द्यायचं ठरलं. टोळी घेऊन आलेला मुकादम कुरकुरला. तुम्ही त्याच्याही लेकाचं नाव वहीत लिहिलंत.

मार्चअखेर परत निघताना तुम्ही माझ्या हातात एक कागद दिलात. मी कुठवर शिकले, पाढे किती येतात, भागाकारात कुठं अडते, सगळं हातानं लिहिलेलं, खाली शाळेचा शिक्का. आज त्याला शिक्षण हमी कार्ड म्हणतात. तेव्हा आम्हाला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. त्या कागदामुळं गावच्या शाळेनं मला चौथीत बसवलं. आमच्या तांड्यातली कितीतरी पोरं तीनदा तिसरीत बसली आणि मग शाळेत गेलीच नाहीत.

आठवीला तुम्ही मला कोल्हापुरात वसतिगृहात ठेवलंत. त्या दिवशी दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर उभं करून सांगितलंत, की महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. "गावाकडनं आलेलं पोरगं ऱ्हाणार कुठं, हे त्यांनी आधी बघितलं," असं तुम्ही म्हणालात. मला तेव्हा आमच्या कोपीतली ती म्हातारी आठवली.

मी आता इथंच एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या हंगामात रात्रपाळीला तळावरची एक बाई बाळंत झाली. सोबत आठ वर्षांची थोरली होती, भावाचं दुपटं धरून बाकावर बसलेली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कितवीत हाईस गं?" तिनं मान खाली घातली. मी औषधाच्या चिठ्ठीमागं तिचं नाव, गाव, इयत्ता लिहून घेतली आणि सकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्याच दिवशी गेलात, दुखऱ्या गुडघ्यांनी.

ती वही माझ्याकडं द्या, आबा. माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. कारखान्याचं गळीत सुरू झालं की पहिल्याच रविवारी मी ती न्यायला येते. आईही येणार आहे. लाल खुणेचं पान ती सोबत आणतेय, तुम्हाला दाखवायला.

तुमची,
वहीतली तिसरीतली पोरगी