बेट आहे म्हणून छोटं समजू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत भूमध्य समुद्रातल्या बेटांवर फॅमिली ट्रिप कशी आखायची असा लेख आला होता. फोटो झकास होते, पण त्यात सहा दिवसांत ग्रीसची क्रीट, सँटोरिनी आणि मिकोनोस ही तीन बेटं असा जो प्लॅन दिलाय तो वाचून राहवलंच नाही. आम्ही नऊ जण क्रीटला जाऊन आलोय, 78 वर्षांच्या सासूबाईंपासून 5 वर्षांच्या पुतण्यापर्यंत सगळे, आणि सुरुवातीला आमच्या हातातही एका एजंटने बनवून दिलेला अगदी असाच कागद होता. त्यात क्रीटमधल्या सामारिया घळीपुढे चक्क 'हाफ डे' असं लिहिलं होतं!

सामारियाचं सांगते. ती घळ 16 किलोमीटर आहे. वर ओमालोसच्या पठाराशी साधारण 1,230 मीटर उंचीवर उतरायला सुरुवात करायची आणि दगडगोट्यांतून चालत चालत थेट समुद्रापर्यंत यायचं, पाच ते सात तास. मधेच कंटाळा आला म्हणून बाहेर पडायला रस्ता नाही. आणि खाली अगिया रुमेली नावाचं जे गाव लागतं तिथेही गाडीचा रस्ता पोचत नाही, म्हणजे बोटीने सूगिया नाहीतर होरा स्फाकियन या किनाऱ्यावरच्या गावाला जायचं आणि तिथून बस, पूर्ण दिवस जातो. शिवाय ही वाट साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते. आता सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय करायचं हे त्या एजंटला विचारलं तर म्हणतो आजींना हॉटेलवर ठेवा. मग आजींना आणायचंच कशाला?

शेवटी आमच्या पुतणीने, वय 16, दोन संध्याकाळी नकाशा घेऊन बसून तोड काढली. आम्ही होरा स्फाकियनहून बोटीने उलट्या बाजूने अगिया रुमेलीला गेलो (वाटेत लुत्रो गाव लागतं, तेही बिनरस्त्याचं, बोटीतून बघायलाच इतकं छान). तिथे सासूबाई आणि धाकटा समुद्रकाठच्या टॅव्हर्नात, म्हणजे खाणावळीत, बसले आणि बाकीचे खालून घळीत शिरून तिची सगळ्यात अरुंद जागा, जिथे दोन कडे जेमतेम तीनचार मीटरवर येतात, ती बघून परत. दीर मात्र अजूनही म्हणतो की खरं सामारिया राहिलं. राहू दे.

तर माझा मुद्दा एवढाच की 'बेट' म्हटलं की आपल्या डोक्यात काहीतरी छोटंसं येतं आणि तिथेच प्लॅन फसतो. माल्टाचं मुख्य बेट 27 किलोमीटर लांब आहे, तिथे एका हॉटेलात राहून पाच दिवसांत सगळं आरामात होतं. क्रीट मात्र 260 किलोमीटर लांब आणि मधे अडीच हजार मीटरच्या जवळ जाणारे डोंगर. सिसिली तर क्षेत्रफळाने त्याच्या तिप्पट. तिघांनाही आपण बेटच म्हणतो आणि लेखातही तिघांना एकाच माळेत ओवलंय.

क्रीटमधे किलोमीटर बघूच नका, तास बघा. हेराक्लिऑन ते हानिया या तिथल्या दोन मोठ्या शहरांत 140 किलोमीटर, सरळ अडीच तास धरा. हानियाहून एलाफोनिसी, तो गुलाबी वाळूचा किनारा, 75 किलोमीटर, पण डोंगरातून दीड तास तरी जातो आणि मागच्या सीटवर एखादं तरी पोर ओकतंच. बालोसच्या लगूनला (किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याला) जायचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा त्या रस्त्यावर चालत नाही, वर गाडी लावल्यावर उतरून चालायचं आणि भर उन्हात परत चढायचं. त्यापेक्षा किसामोस बंदरातून बोट. हे लेखात एका ओळीत सांगता आलं असतं.

आम्ही मग सँटोरिनी आणि मिकोनोस दोन्ही खोडून टाकलं. घरात दोन दिवस अबोला होता, कारण निळे घुमट आणि पांढरी घरं बघायलाच तर सगळे तयार झाले होते. पण उन्हाळ्यात तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, जोर वाढला की जहाजं बंदरातच थांबवून ठेवतात आणि तुमचं पुढचं विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. एकट्यादुकट्याला हे ठीक आहे, नऊ जणांना नाही. दोनच मुक्काम केले, आधी हानिया चार रात्री, मग हेराक्लिऑन तीन. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या जहाजाने केबिन घेऊन गेलो, झोपेतच प्रवास झाला आणि पोरांना तर विमानापेक्षा तेच आवडलं, येताना हेराक्लिऑनहून विमान. जिथून शिरलो तिथूनच बाहेर पडायचं हा हट्ट सोडला की अख्खा एक दिवस वाचतो.

हेराक्लिऑनजवळच्या क्नोसॉसला, तिथल्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांना, उघडायच्या वेळेला हजर राहा, सावली फार नाही. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने 1900 पासून तिथे खोदकाम केलं आणि काँक्रीट वापरून काही भाग परत उभे केले, जाणकार लोक त्याला नावं ठेवतात, पण खरं सांगू, पोरांना त्या लाल खांबांमुळेच तो राजवाडा होता हे कळलं, नुसते पायाचे दगड बघून कोणाला काय कळणार. दुपारी हेराक्लिऑनचं म्युझियम, एसी पण असतो आणि सकाळी जे बघितलं तिथल्या खऱ्या वस्तू समोर असतात.

खाण्याचं टेन्शन सगळ्यात जास्त होतं कारण सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही. तिथे एक शब्द कामाला आला, नीस्तीसिमो, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काहीच नसतं, त्यामुळे वेटर एका शब्दात समजतो. फक्त एक गोम आहे, त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतं! पहिल्याच दिवशी ताटात ऑक्टोपस आला आणि सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आम्ही 'लादेरा' मागायला शिकलो, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, भेंडी, फरसबी, वांगी वगैरे. बाकी जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेला दाकोस सगळ्यांनीच रोज हाणला.

व्हिसाचंही लेखात 'आधी करून ठेवा' एवढंच आहे. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. आम्ही भरली तेव्हा फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 आणि सहाच्या आतल्यांना काही नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या विम्याला वेळ लागतो, म्हणून तोच आधी बघा, विमान नंतर. आम्ही उलटं केलं आणि तारखेच्या आदल्या आठवड्यापर्यंत जीव टांगणीला.

कधी जायचं तर मे मधे समुद्र गारच असतो, पोरं पाय बुडवून पळतात, पण फिरायला हवा मस्त. जुलै ऑगस्टमधे म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, फार ऊन. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा सगळ्यात सुखाचा काळ, पाणी अजून कोमट असतं. ऑक्टोबर संपला की दक्षिण किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं कुलूप लावतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर तारखा नीट तपासा.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा कृपा करून त्यात एक साधा नकाशा द्या ज्यावर गावागावांमधले तास लिहिलेले असतील, आणि कुठे किती पायऱ्या आहेत तेही. फोटो एखादा कमी चालेल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक

ता. क. नऊ सीटची व्हॅन मिळते, पण तिच्यात नऊ माणसं बसली की नऊ बॅगांना जागा उरत नाही, हे आम्हाला बंदरावर सकाळी सहा वाजता कळलं. दोन छोट्या गाड्या घ्या. आणि दोन्ही ड्रायव्हरांचं इंटरनॅशनल परमिट आरटीओतून आधीच काढा.