काकांची नक्कल

नागपूर, मंगळवार

प्रिय अव्या,

चार महिने ना पत्र ना फोन. शिव्या तयार असतील, राखून ठेव. तब्येत बरी. म्हणजे नागीण गेली, ठणका मात्र मुक्कामाला राहिला. डाव्या बरगडीवर, काकांना होता तिथंच.

काल धंतोलीतल्या दवाखान्यात तिसरं सलाईन घेतलं. औषध लिग्नोकेन, दाढ काढताना हिरडीत टोचतात ना बे, तेच. आधी वजन केलं, डोस किलोवर ठरतो. ७४ भरलो, हसू नकोस. छातीला ईसीजीच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा आणि पंपातून तासभर थेंब थेंब. नसेतून उगाचच्या उगाच सुटणारी वर्दी हे औषध अडवतं म्हणे. "ओठ बधिरले, कान वाजले, तोंडात लोखंडाची चव आली तर लगेच सांगा," नर्सनं बजावलं होतं. वीस मिनिटांत ओठांभोवती मुंग्या. मी गप्प. सांगितलं तर पंप बंद करतील ना! आणि इकडे ठणका उतरून राहिला होता. शेवटी माझी जीभ जड झालेली तिलाच कळली. पंप थांबवला अन् शाळेतल्यासारखं झापलं. औषध वाढलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. बायकोला यातलं काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

मग नर्सनं अंगावर चादर ओढली. चादर छातीला लागली आणि काहीच झालं नाही. मे महिना, पारा ४५ वर, आणि मी घरात कूलरकडे पाठ करून बसणारा माणूस; वारा लागला तरी चटका बसतो. ती चादर अंगावर घेऊन पडलो आणि काका आठवले.

महाल वस्तीतला ओटा. डिसेंबर. आपण मफलरात, काका उघडेबंब. तू चारचौघांत म्हणालास, "बाबा, नाटकं पुरे." मी तर बनियन दोन बोटांनी पुढे उचलून त्यांच्यासारखा चालून दाखवलं. सगळे हसले, तूही. नंतर महिनाभर अबोला तूच धरलास, वर माझी सायकलही दाबलीस. (ती अजून येणं आहे.) मला वाटलं, भांडण सायकलचंच.

आता मी घरभर तसाच फिरतो. दोन बोटांनी बनियन धरून. परवा बायकोनं विचारलं, हे काय? म्हटलं, एकाची नक्कल.

पहिलं सलाईन तीन आठवडे पुरलं, दुसरं अकरा दिवस. तिसऱ्याचा आज दुसरा दिवस, आणि मी सकाळपासून बरगडी चाचपून पाहतोय. गोळ्यांनी नुसती झोप येते, तीही दुपारी. काकांच्या वेळी तर कावेचा लेप आणि "नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो" ही भीती, एवढंच होतं. पाच वर्षं कशी काढली असतील बे त्यांनी?

पोरीचं जमलं ते कळलं, छान झालं. गुडघा कसाय? बदलीचं लिही.

काकूंना एक विचारशील? काका रात्री कोणत्या कुशीवर झोपायचे, छातीवर काय घ्यायचे. माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
बाळ्या