शिट्ट्यांचा हिशेब इलेक्ट्रिक कुकरला लागत नाही

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येणाऱ्या पाककृतींच्या शेवटी एक ओळ हमखास असते : ‘माणसे जास्त असतील तर सर्व प्रमाण दुप्पट घ्यावे.’ त्याच्या वर लिहिलेले असते, ‘कुकरला तीन-चार शिट्ट्या करून घ्याव्यात.’ गॅसवरच्या कुकरला या दोन्ही सूचना कशाबशा चालून जातात, कारण झाकण पडेपर्यंत आपला कान तिकडे असतो आणि आच कमी-जास्त करता येते. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आता पुण्या-मुंबईत बऱ्याच ओट्यांवर दिसतो, अमेरिकेतल्या मराठी घरांत तर तो रोजचाच. त्याला शिट्टी नाही आणि आचही आपल्या हातात नाही. त्यात चार माणसांची पाककृती दहा माणसांसाठी वाढवताना काय वाढवायचे आणि काय मुळीच वाढवायचे नाही, हे कुठे नीट छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

शिट्टी हे वेळेचे माप नाही. ती आचेवर, पाण्यावर आणि वजनाखालच्या भोकावर अवलंबून असते. शिवाय गॅसवरचा कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १०० किलोपास्कल जास्त दाबावर चालतो (किलोपास्कल हे दाबाचे एकक), म्हणजे आत १२० अंश सेल्सिअस. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर ‘हाय’वर, म्हणजे जास्त दाबाच्या बटणावर, ७० ते ८० किलोपास्कलच देतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. तीन-चार अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण गॅसवर बारीक आचेवर १० मिनिटांत होणारी हरभऱ्याची डाळ इथे १२-१३ मिनिटे घेते.

आता मिनिटांचे. दाब तयार झाल्यावरची मिनिटे पदार्थाच्या एकूण वजनावर ठरत नाहीत, एकेका दाण्याच्या किंवा फोडीच्या जाडीवर ठरतात. एक किलो मटणाला २५ मिनिटे लागत असतील, तर त्याच आकाराच्या तुकड्यांच्या दोन किलोंनाही २५च. वाढतो तो दाब येईपर्यंतचा काळ. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ११६ अंशांवर न्यायला सुमारे ३८० किलोज्यूल उष्णता लागते. ६ लिटरच्या कुकरची कॉइल साधारण १००० वॅटची असते, म्हणजे लिटरमागे सव्वासहा मिनिटे झाली. भांडे तापणे, वाफ निसटणे हे धरून प्रत्यक्षात आठ-नऊ मिनिटे. तीन लिटर ऐवज असेल तर दाब यायलाच २५ मिनिटे जातात आणि पडद्यावरचे आकडे त्यानंतर उलटे मोजायला लागतात. ‘१० मिनिटे लावले होते, पाऊण तास झाला तरी होईना’ ही तक्रार बहुधा यातून येते. कुकर बिघडलेला नसतो.

विजेचा दाब कमी असेल तर यात आणखी भर पडते. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३०ऐवजी १९० व्होल्ट येत असतील तर १००० वॅटचे जेमतेम ६८० उरतात आणि वेळ दीडपट होतो. खेडेगावात संध्याकाळी मोठा स्वयंपाक असेल तर आधणाचे पाणी गॅसवर उकळून मगच भांड्यात ओतावे. विजेची किटली वापरायची तर ती कुकरच्याच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये. दोन्ही मिळून अडीच-तीन हजार वॅट होतात आणि बोर्ड वितळू शकतो.

दाब यायच्या या काळात पदार्थ शिजतच असतो, याची जाणीव ठेवली नाही तर सर्वांत जास्त फटका मोड आलेल्या मटकीला बसतो. पाव किलो मटकी दीड कप पाण्यात लावली की सात-आठ मिनिटांत दाब येतो, पुढे एक मिनिट पुरते. मिसळीसाठी एक किलो लावली तर दाब यायलाच १५-१८ मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ती शिजलेली असते. तिला शून्य मिनिटे लावायची. दाब आला की कुकर बंद, वाफ लगेच सोडायची. ‘चौपट मटकी म्हणून चार मिनिटे’ असे केले तर झाकण उघडल्यावर मटकीचे पिठले दिसते, मोड सुटून वर तरंगताना.

मिनिटे वाढवायची नाहीत, या नियमाला मोठा अपवाद डब्यांचा. आपल्याकडे ‘कुकर लावणे’ म्हणजे एकात वरण, एकात भात, वर बटाटे. डब्यातला पदार्थ ढवळला जात नाही, उष्णता कडेने आत झिरपत जाते. थराची जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला तिला जवळपास चौपट वेळ लागतो. उंच डब्यात दोन वाट्या डाळ लावली की कडेची मेणासारखी आणि मधली टचटचीत राहते, ती यामुळेच. वाढीव प्रमाणाला पसरट डबे घ्यावेत, थर तीन-चार सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, दोन डब्यांत आणि कडेला वाफेला वाट ठेवावी आणि पाच-सात मिनिटे जादा द्यावीत. बटाट्यांचेही तेच. वड्यांसाठी दोन किलो बटाटे एकदम लावता येतात, तळाशी पाणी दीड कपच. पण ६० ग्रॅमचा बटाटा १०-१२ मिनिटांत होतो आणि २०० ग्रॅमच्याला २० लागतात. मोठे चिरून लहानांच्या मापाचे करावेत, नाहीतर निम्म्यांची साल फुटून ते पाणी पितात आणि वडे तेलात उकलतात.

सर्वांत जास्त चुका पाण्यात होतात. गॅसवरच्या कुकरमधून प्रत्येक शिट्टीला वाफ जाते. इलेक्ट्रिक कुकरच्या झाकणावरची पिन (दाब तयार झाला की ती वर येते) एकदा वर आली की जवळजवळ काहीच जात नाही. जाते ते त्याआधी, आणि ते प्रमाणाबरोबर फारसे वाढत नाही. मोकळ्या भाताला धुऊन निथळलेल्या तांदळाइतके पाणी आणि वर सगळ्या भांड्याला मिळून पाव कप पुरते. एक कप तांदळाला सव्वा कप. चार कपांना सवाचारच, फार तर साडेचार. तिथे ‘एकास सव्वा’ म्हणून पाच कप घातले की मोकळा भात होत नाही आणि ‘एकास दोन’ने आठ घातले तर भात वाढायला डाव लागत नाही, ओतता येतो. आंबेमोहोराचा मऊ भात हवा असेल तर गोष्ट वेगळी. ‘कप’ म्हणजे कोणता, हेही सांगावे लागते. बऱ्याच कुकरांबरोबर येणारा पेला १८० मिलिलिटरचा असतो, बाजारातला कप २४०चा आणि वाटी तर घरागणिक वेगळी. चारपट करताना ही चूकही चारपट होते. वजनकाटा घ्यावा, पाचशे रुपयांच्या आत येतो.

मटणाचे गणित आणखी वेगळे, कारण ते स्वतःच किलोमागे पाव लिटरच्या आसपास रस सोडते. एक किलोला दीड कप पाणी घातले असेल तर दोन किलोंना दोन कप पुष्कळ झाले. पाणी दुप्पट होत नाही म्हणजे एकूण वजनही दुप्पट होत नाही, म्हणून मीठही दुप्पट घालायचे नाही. पावणेदोन पटीवर थांबून शेवटी चव बघावी. लवंग, दालचिनी, हिंग दीडपटच घ्यावेत. बंद भांड्यात त्यांचा वास कोंडून राहतो आणि दुप्पट लवंगेचा रस्सा औषधासारखा लागतो. उलट बाजूही आहे : पाणी कितीही कमी लागत असले तरी दाब धरण्यापुरते हवेच. ६ लिटरच्या भांड्यात दीड कप, ८ लिटरच्यात दोन कप, ३ लिटरच्यात एक. लहान कुकरची पाककृती जशीच्या तशी मोठ्यात केली तर ती करपते, ती याच कारणाने.

आणि किती भरायचे? आतल्या भांड्यावर दोन खुणा असतात. दोन तृतीयांशची खूण मटण, बटाटे, रस्सा यांच्यासाठी. डाळ, तांदूळ, कडधान्ये, म्हणजे जे फुगते किंवा फेसाळते, त्यांना निम्म्याचीच. होळीच्या पुरणाचे उदाहरण घ्या. ६ लिटर म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्याची खरी क्षमता ५.७ लिटर, निम्मे म्हणजे २.८५ लिटर. एक किलो हरभऱ्याची डाळ पाऊण लिटर जागा व्यापते. कटाच्या आमटीला कट हवा म्हणून भिजवण्यासकट अडीच लिटर पाणी धरले की सव्वातीन लिटर झाले, खूण ओलांडली. म्हणजे या भांड्यात एका वेळी ७५० ग्रॅम डाळ आणि सगळे मिळून १.९ लिटर पाणी, याच्या वर जाऊ नये. दोन तास भिजवून, चमचाभर तेल आणि हळद घालून १२ मिनिटे. दीड किलोचे पुरण असेल तर दोनदा लावावे. दुसऱ्या खेपेला भांडे गरम असते, पाणीही उकळते घातले की वेळ निम्म्यावर येतो.

गूळ मात्र कुकरमध्ये कधीही घालू नये. गुळाने आणि त्यातल्या कॅल्शियमने डाळ दडस राहते, शिवाय तो तळाशी बसून करपतो. कट गाळून घ्यावा, डाळ कढईत काढावी आणि ७५० ग्रॅम गूळ घालून उलथने पुरणात उभे राहीपर्यंत चटका द्यावा. आंबट वरणातली चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांनाही हेच : डाळ बोटचेपी झाल्यावर.

पडद्यावर ‘बर्न’ अशी अक्षरे आली की बरेच जण भांडे खराब म्हणून परत करायला निघतात. कॉइल फक्त तळाशी असते आणि तिथला सेन्सर तळ प्रमाणाबाहेर तापला की यंत्र थांबवतो. तळ तापतो तो पाणी खेळत नाही म्हणून. कमी प्रमाणात थोडे बुड लागले तरी निभते. तिप्पट प्रमाणात वरचे सगळे वजन त्या थरावर बसते. दाण्याचे कूट, बेसन, नारळाचे दूध, दही हे सारे वाफ गेल्यावर घालावे. टोमॅटो सगळ्यात वर ठेवून ढवळू नये. फोडणीनंतर अर्धा कप गरम पाणी घालून तळ लाकडी उलथन्याने खरवडून साफ करावा. खरे तर मोठ्या स्वयंपाकाची फोडणी त्या भांड्यात करूच नये. त्याचा तळ २२ सेंटिमीटरच्या आसपास. त्यात किलोभर कांदा टाकला तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. गॅसवर कढईत परतून आत लोटावा.

वाफ सोडण्याबद्दल पाककृतींत चकार शब्द नसतो. भांडे निम्म्यापर्यंत भरलेले असताना डाळीची वाफ एकदम सोडली की फेस वर चढतो, झडपेतून पिवळे कारंजे उडते आणि फेस सुकून पिन अडकते. पुढच्या वेळी दाबच धरत नाही. डाळीची वाफ आपोआप जिरू द्यावी. तीन लिटरला ३० ते ४० मिनिटे लागतात आणि त्यात पदार्थ शिजत राहतो, म्हणून शिजवण्याची दोन-तीन मिनिटे आधीच कमी करावीत. झाकणाच्या आतली झडपेवरची जाळी दर खेपेला काढून धुवावी.

मोठे प्रमाण म्हटले की उरणे आलेच. हे भांडे दुहेरी भिंतीचे, झाकण ठेवले तर आतला भात रात्रभर कोमट राहतो, आणि कोमट भातातच बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो. ‘कीप वॉर्म’ चालू ठेवावे, नाहीतर दोन तासांच्या आत पसरट ताटांत काढून गार करून फ्रिजमध्ये टाकावे. अधेमधे सोडू नये. त्याच यंत्रावरचे ‘स्लो कुक’चे बटण राजम्यासाठी वापरू नये. कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही. तसेच छोले रात्री पाण्यात घालून सकाळची वेळ लावून ठेवणे थंडीत ठीक, मे महिन्यात विदर्भात पाणी पहाटेपर्यंत आंबलेले असते.

पाककृती छापताना एवढे करता येईल : कुकर किती लिटरचा, जिन्नस ग्रॅममध्ये, दाब आल्यावरची मिनिटे, वाफ लगेच सोडायची की जिरू द्यायची, आणि त्या भांड्यात जास्तीत जास्त किती मावते. उदाहरणार्थ : ‘६ लिटर. मोड आलेली मटकी १ किलो, पाणी ३ कप. हाय, ० मिनिटे, वाफ लगेच सोडा. दीड किलोच्या वर दोनदा लावा.’ दोन ओळींची जागा लागेल. ती ‘सर्व प्रमाण दुप्पट घ्यावे’ काढून मिळू शकते.

आपली नम्र,
एक वाचक